राजकन्येला बालपण असतं का?



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं की, सांगलीत बसून राजकन्यांच्या बालपणाची चर्चा कशासाठी? संस्थानं गेली, तनखे गेले, उरले ते वाडे. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र आपल्या गावातच आहे. ५ नोव्हेंबर १८४३ ला याच सांगलीत, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. म्हणजे आपल्या नाटकाची पहिली नायिका ही राजकन्या आहे. पण या राजकन्येला बालपण आहे का, हे आपण कधी विचारलेलं नाही.

सीतेच्या बालपणाबद्दल आपल्याला काय माहीत आहे? ती नांगराच्या फाळाला लागली, एवढं एक. दुसरं कीर्तनकारांनी घरोघरी पोचवलेलं, की लहानपणी ती शिवधनुष्याचा घोडा घोडा करून खेळली. बस्स. आणि नीट पाहिलं तर ही दुसरी गोष्टही बालपणाची नाहीच, ती लग्नाची आहे. मुलीनं धनुष्य सहज ओढलं म्हणून जनकानं पण लावला, असा तिचा उपयोग. मुलगी खेळते आहे आणि बाप तिच्याकडे बघत लग्नाचा विचार करतो आहे. आमच्या मते राजकन्यांच्या बालपणाचं सगळं वाङ्मय या एका चित्रात येतं.

याच मातीतले खाडिलकर. जन्म सांगलीचा, १८७२. त्यांचं 'स्वयंवर' १९१६ साली आलं. पुन्हा राजकन्या, रुक्मिणी. ती येते तेव्हाही लग्नाचीच झालेली असते. रुक्मिणी स्वयंवराची पोथी तर आपल्याकडे मुलीचं लग्न जमावं म्हणून तिला वाचायला लावतात. गंमत बघा. भावानं ठरवलेला नवरा नाकारून स्वतः पत्र धाडणाऱ्या मुलीची ही गोष्ट, आणि ती वाचायला देणारे कोण, तर मुलीनं आपण ठरवलेल्या स्थळाला निमूट हो म्हणावं अशी इच्छा असलेले आई-बाप!

तर आज आम्हाला समीक्षा करायची आहे ती अशा पुस्तकांची, जिथं राजकन्येचं बालपण खरोखर लिहिलं गेलं आहे. आम्ही एकच कसोटी लावणार आहोत: हे बालपण सांगतं कोण, आणि कुणासाठी?

सुरुवात विलायतेपासून करू, कारण हा साचा तिथूनच आपल्याकडे आला. व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ चा. वडील ती वर्षाची व्हायच्या आत गेले. आई आणि आईचा कारभारी जॉन कॉनरॉय यांनी तिला केन्सिंग्टनच्या राजवाड्यात एका शिस्तीत वाढवलं. त्या शिस्तीला पुढं 'केन्सिंग्टन पद्धत' असं नावच पडलं. मुलीनं आईच्याच खोलीत झोपायचं. कुणाचा तरी हात धरल्याशिवाय जिना उतरायचा नाही. बरोबरीची मुलं जवळजवळ नाहीतच. सोबतीला लेहझेन नावाची जर्मन शिक्षिका आणि लाकडी बाहुल्या, शंभराहून जास्त. तेराव्या वर्षी तिला रोजनिशी लिहायला दिली, पण ती आई वाचणार होती. आता सांगा, आई वाचणार हे ठाऊक असताना तेरा वर्षांची मुलगी रोजनिशीत काय लिहील? कुठं गेलो, किती वाजता जेवलो, कोण भेटायला आलं. म्हणजे बालपण आहे, ते मुलीनं स्वतः लिहिलेलंही आहे, पण तो मजकूर तिचा नाही. तो पहाऱ्यातला मजकूर आहे. २० जून १८३७ ला, अठराव्या वर्षी ती राणी झाली. पहिल्याच दिवशी तिनं काय केलं? आपला पलंग आईच्या खोलीतून हलवला. आमच्या दृष्टीनं तिच्या बालपणाबद्दलचं तिचं पहिलं खरं वाक्य हेच. ते तिनं लिहिलं नाही, करून दाखवलं.

शंभर वर्षांनी त्याच घराण्यात एलिझाबेथ आणि मार्गारेट या बहिणी वाढत होत्या. शाळा नाही, परीक्षा नाही. मॅरियन क्रॉफर्ड नावाच्या स्कॉटिश बाई घरी शिकवायच्या. एलिझाबेथ गादीवर येणार हे ठरल्यावर तिला राज्यघटनेचा इतिहास शिकवायला ईटनचे हेन्री मार्टेन आले. धाकटीला तो धडा नव्हता, कारण तिला गादी नव्हती. क्रॉफर्डबाईंनी १९५० साली 'द लिटल प्रिन्सेसेस' हे पुस्तक लिहिलं. पुस्तक अगदी मायेनं लिहिलेलं, त्यात तक्रारीचा सूर नाही. तरीही राजघराण्यानं बाईंशी संबंध तोडले ते कायमचे. का तोडले? वाईट लिहिलं म्हणून नव्हे, लिहिलं म्हणून. राजकन्येचं बालपण ही घराण्याची मालमत्ता असते, आणि मालमत्तेला नोकरानं हात लावायचा नसतो.

तेव्हा दोन साचे झाले. एक पहाऱ्यातली रोजनिशी, दुसरा मायेचा पण न मागितलेला गौप्यस्फोट. आता आपल्याकडे येऊ.

आपल्याकडे येताना थेट राजवाड्यात शिरायचं नाही. वाटेत देवराष्ट्रे लागतं, तिथं थांबू. कडेगाव तालुक्यातलं हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा ते साताऱ्यात होतं. आपला जिल्हा १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. या देवराष्ट्रेत १८६२ साली कुर्लेकरांच्या घरी यमुना जन्मली. तीच पुढं रमाबाई रानडे. १८७३ साली, अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा एकतीस वर्षांचा, विधुर, न्यायाधीश आणि विधवाविवाहाचा पुरस्कर्ता. माधवरावांनी विधवेशी लग्न करावं असं मित्रांना वाटत होतं, त्यांचंही मत तेच होतं. पण वडिलांनी घाई करून अकरा वर्षांची मुलगी आणली आणि महाराष्ट्राचा सर्वांत मोठा समाजसुधारक वडिलांपुढं गप्प बसला. पुढं त्यानं काय केलं? बायकोला शिकवायला बसला. अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंत. घरातल्या बायकांचे टोमणे ऐकत ही मुलगी शिकली, आणि १९१० साली तिनं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिलं. शीर्षकातला 'आमच्या' हा शब्द लक्षात ठेवा. आत्मचरित्र तिचं, पण 'माझ्या' म्हणायची सोय नाही. आणि पुस्तकाचा मोठा भाग नवऱ्याच्या आयुष्याचा आहे.

आता बडोदा. सयाजीराव गायकवाड १८६३ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मले, शेतकरी घरात. १८७५ साली जमनाबाईंनी दत्तक घेतलं तेव्हा बारा वर्षांच्या गोपाळला लिहिता-वाचता येत नव्हतं. टी. माधवराव दिवाण आणि एलियट साहेब शिक्षक, अशी यंत्रणा लागली आणि काही वर्षांत त्या मुलाचा महाराजा झाला. घडवलेला माणूस म्हणजे काय, हे या माणसाला अंगावरच्या अनुभवानं ठाऊक होतं. त्यांच्या किताबातसुद्धा इंग्रज सरकारचे 'फर्जंद-इ-खास' असे शब्द होते. फर्जंद म्हणजे मूल. एवढा मोठा राजा, पण कागदोपत्री दुसऱ्याचं लेकरू!

पहिली राणी गेल्यावर १८८५ साली त्यांनी देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी लग्न केलं. त्या चिमणाबाई झाल्या. त्याही लग्नानंतरच शिकल्या, नवऱ्याच्या आग्रहानं. पुढं १९११ साली त्यांच्या नावावर हिंदी स्त्रियांच्या स्थितीवरचा इंग्रजी ग्रंथ आला, मित्र नावाच्या सहलेखकाबरोबर. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तिच्या अध्यक्षा चिमणाबाईच होत्या.

म्हणजे देवराष्ट्रेची यमुना आणि देवासची गजरा यांची पिढी आणि रीत एकच. दोघींना नवऱ्यानं शिकवलं. त्या काळच्या सुधारकांचा स्त्रीशिक्षणाचा मुख्य रस्ता हाच होता. आणि या रस्त्यात एक सोय होती. बायको शिकली की ती नवऱ्याच्या कामाला हातभार लावते. शिक्षण आधी होतं आणि नकार द्यायची वेळ नंतर येते, असं इथं घडतच नाही. कारण होकार-नकाराचा प्रसंग म्हणजे लग्न, आणि ते आधीच उरकलेलं असतं.

मुलगी शिकली की हिशेब बदलतो. मुलीच्या बाबतीत शिक्षण आधी येतं, लग्न मागून. सयाजीरावांच्या घरात नेमकं हे झालं.

त्यांची मुलगी इंदिराराजे, जन्म १८९२. भावांबरोबर वाढली, काही काळ इंग्लंडच्या शाळेत होती, आणि मग बडोदा कॉलेजात शिकून पदवीधर झाली. इथं थोडं थांबून तुलना करा. त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी जन्मलेल्या बिलायतेच्या राजकन्यांनी शाळेची पायरी पाहिली नाही, आणि आपल्या मराठी राजाची लेक कॉलेजात बसत होती. बापानं १९०४ साली राज्यात बालविवाह रोखणारा कायदा केला, १९०६ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, त्यात मुलीही आल्या. हे सगळं इंदिराराजेंच्या बालपणी त्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

आणि याच बापानं तिचं लग्न ठरवलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. शिंदे तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे आणि आधीच विवाहित. घराणं मराठा, तोफांची सलामी एकवीस, बडोद्याच्या तोडीस तोड. स्थळ म्हणून यात काही उणं काढायला जागा नव्हती. तयारी सुरू झाली, खरेदी सुरू झाली. १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबार भरला. त्या दरबारात सयाजीराव बादशहापुढं हवे तसे लवले नाहीत म्हणून केवढा गहजब झाला, ते आपण इतिहासात वाचतो. पण त्याच दिल्लीत दुसरी एक बंडखोरी घडत होती आणि तिची बातमी इतिहासाच्या पुस्तकात सहसा नसते. एकोणीस वर्षांच्या इंदिराराजेंनी कूचबिहारचे धाकटे राजपुत्र जितेंद्र यांना पसंत केलं आणि थेट शिंद्यांना पत्र लिहून लग्नाला नकार कळवला. आई-बापांना कळलं ते ग्वाल्हेरहून तार आली तेव्हा.

रुक्मिणीनं कृष्णाला पत्र लिहिलं, इंदिराराजेंनी शिशुपालालाच लिहिलं! आमच्या मते हे जास्त अवघड आहे.

बाप बादशहापुढं ताठ उभा राहिला, लेक बापापुढं. पहिल्याला आपण स्वाभिमान म्हणतो. दुसऱ्याला बडोद्यात काय म्हणाले असतील, याची कल्पना करायला फार कष्ट नकोत. कूचबिहार मराठा नव्हे, ब्राह्मो वळणाचं, सलामी तेरा तोफांची, आणि घराणं फार साहेबी. पुढची दीड-दोन वर्षं समजूत, धाक, परदेशप्रवास असं सगळं झालं. शेवटी १९१३ साली लंडनमध्ये लग्न लागलं. आई-वडील लग्नाला नव्हते.

जितेंद्रांच्या आई सुनीतीदेवी या केशवचंद्र सेनांच्या कन्या. बालविवाहाविरुद्ध झगडणाऱ्या केशवचंद्रांनी १८७८ साली आपली चौदाही पूर्ण न झालेली मुलगी कूचबिहारच्या राजाला दिली आणि त्यावरून ब्राह्मो समाज फुटला. सुनीतीदेवींनी १९२१ साली आपलं आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केलं. आता तिघांना एका रांगेत उभं करा. रानडे, केशवचंद्र, सयाजीराव. तिघांचीही जाहीर मतं आपल्या काळाच्या पुढं. तिघांचाही पाय अडखळला तो घरातल्या लग्नाशी. ही ढोंगं होती असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आम्हाला ते पटत नाही. कायदा करताना राजा प्रजेशी बोलत असतो. लग्न ठरवताना तो आपल्या आई-वडिलांशी, भाऊबंदांशी, जातीशी, तोफांच्या आकड्याशी बोलत असतो. सुधारणेची खरी परीक्षा घरातच होते, आणि ती परीक्षा घेणारी बहुधा घरातली मुलगी असते.

आता आपण मुख्य पुस्तकाकडे येतो. इंदिराराजेंची ही कहाणी आपल्याला सविस्तर सांगते ती त्यांची मुलगी, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. पुस्तक १९७६ चं, 'अ प्रिन्सेस रिमेम्बर्स', सहलेखिका सांता रामा राव. गायत्रीदेवींचा जन्म लंडनमधला, २३ मे १९१९. व्हिक्टोरियाच्या शंभराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी! तीन वर्षांच्या असताना वडील गेले. आई तिशीत विधवा झाली आणि लहानग्या मुलाच्या वतीनं राज्य चालवू लागली. मुलीचं शिक्षण घरी, शांतिनिकेतनात, लंडनला, स्वित्झर्लंडला. बाराव्या वर्षी तिनं पहिला बिबट्या मारला.

या पुस्तकाचं पहिलं बलस्थान म्हणजे तपशील. पुस्तक उघडतं ते बडोद्याच्या आजोळच्या मुक्कामानं. लक्ष्मीविलास राजवाड्यात मुलांना दाखवायला पोपट आणले जातात. ते चांदीच्या चिमुकल्या सायकली चालवतात, चांदीची इवली मोटार चालवतात, तारेवर चालतात, आणि शेवटी एक पोपट चांदीची छोटी तोफ उडवून सलामी देतो. लहान मुलाच्या नजरेनं पाहिलेलं हे दृश्य कुणालाही आवडेल. पण समीक्षकानं इथं एक गोष्ट टिपायला हवी. शिकवलेला पोपट सलामी देतो आहे आणि ती बघायला बसलेली मुलंही शिकवलेलीच आहेत: कुणाला किती लवायचं, कुणापुढं कसं बसायचं. लेखिका हे म्हणत नाही. पण चित्र इतकं प्रामाणिक आहे की ते आपोआप बोलतं. चांगल्या आठवणींची हीच ताकद असते. लिहिणाऱ्याला सांगायचं होतं त्याहून जास्त त्या सांगून जातात.

दुसरं बलस्थान, दोन घरांमधला फरक. आजोळचं बडोदा शिस्तीचं, मराठी रीतीरिवाजांचं, कडक. कूचबिहार मोकळं, हसतं-खेळतं. एकाच मुलीच्या अंगी दोन वळणं कशी येतात, हे इथं नीट दिसतं. आजी चिमणाबाईंचा दरारा, आजोबांचं वेळापत्रक, आईचं सौंदर्य आणि तिचे नाजूक कपडे, तिची रसिकता, तिचा लहरी खर्च. आणि हत्तीखान्यातल्या माहुतांशी त्या मुलीचं खास सख्य. माहूत हा त्या बालपणातला माणूस म्हणून भेटतो, बाकी नोकरवर्ग बराचसा आकडा म्हणून.

इथंच पुस्तकाची उणीव सुरू होते. चांदीच्या सायकलीची चांदी आली कुठून? इंदिराराजेंच्या बालपणीच, १८९९–१९०० साली गुजरातेत छपन्नचा भयंकर दुष्काळ पडला. बडोदा राज्यही त्यात होरपळलं. राजवाड्यातली मुलं खेळत होती त्याच वर्षी राज्यातली मुलं काय खात होती, हा प्रश्न राजकन्येच्या बालपणाचाच भाग आहे. पण या प्रकारच्या पुस्तकांत राजवाड्याला खिडक्या कमी असतात. प्रजा दिसते ती मिरवणुकीत, दुतर्फा उभी.

यावर कुणी म्हणेल की, लहान मुलीला हे कसं दिसणार? खरं आहे. पण लिहिणारी लहान मुलगी नाही. १९७६ साली ती सत्तावन्न वर्षांची आहे. नवरा १९७० ला गेला, १९७१ ला तनखे बंद झाले, १९७५ ला आणीबाणीत त्यांना तिहारमध्ये काही महिने काढावे लागले. त्यानंतर हे पुस्तक आलं. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की त्या सोनेरी बालपणाचा रंग वेगळा दिसतो. तुरुंगातून सुटलेली, सगळं गेलेली बाई आपल्या बालपणाला उजाळा देते आहे. तिला तो उजाळा हवा आहे. तिच्या दुःखाबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, पण आठवण उजळली की सावल्या पुसल्या जातात, हेही वाचकानं विसरू नये.

आणि आता या पुस्तकातला सगळ्यात मोलाचा भाग. मुलगी मोठी होते आणि जयपूरच्या मानसिंगांच्या प्रेमात पडते. मानसिंगांच्या दोन राण्या आहेत. ही तिसरी होणार. आणि विरोध कोण करतं? इंदिराराजे! जिनं आधीच विवाहित असलेल्या राजाला नकार दिला, त्याच बाईची लेक दोन राण्यांच्या राजाला होकार देते आहे. आई सांगते की जयपूरचा जनाना तुला झेपणार नाही. मुलगी ऐकत नाही. १९४० साली लग्न होतं.

पुष्कळ वाचक इथं हसतात. फिरलं चक्र, म्हणतात. आम्हाला यात विनोदापेक्षा जास्त काही दिसतं. आईनं स्वातंत्र्य वापरून पडद्यातून सुटका करून घेतली, मुलीनं तेच स्वातंत्र्य वापरून पडद्याचं घर निवडलं. म्हणजे संस्कारातून मुलाला काय मिळतं? निवड करायची सवय मिळते, कोणती निवड करायची ते मिळत नाही. आई-बाप नेहमी या दोहोंत गल्लत करतात. सयाजीरावांना वाटलं, मी हिला शिकवलं म्हणजे माझं शहाणपण हिच्यात उतरलं. इंदिराराजेंना वाटलं, मी झगडले म्हणजे माझा निष्कर्ष हिला आयता मिळाला. दोघांनाही मिळाली ती स्वतःसारखीच हट्टी लेक. आणि तिसरी राणी होऊन त्या घरात गेलेल्या या मुलीनं १९४३ साली जयपुरात मुलींची शाळा काढली. आजोबांचं बी आजोबांनी पेरलं तिथं उगवलं नाही, भलतीकडंच उगवलं. पण उगवलं.

आता कसोटीकडे परत येऊ. सांगतं कोण, कुणासाठी? व्हिक्टोरियाचं बालपण आईच्या पहाऱ्याखाली लिहिलं गेलं. एलिझाबेथचं नोकरीतल्या बाईंनी लिहिलं आणि त्याची शिक्षा भोगली. रमाबाईंनी लिहिलं ते 'आमच्या' या शब्दाच्या पदराआडून. इंदिराराजेंनी स्वतःचं बालपण लिहून ठेवलं नाही. जिनं मराठी राजघराण्यात सगळ्यात धीट पत्र लिहिलं, तिची कहाणी आपल्याला तिच्या लेकीकडून, परक्या भाषेत, सहलेखिकेच्या हातून मिळते. ज्या भाषेत तिच्या आईनं तिला रागावलं असेल, त्या मराठीत ती नाही. आमची खरी खंत ही आहे. मराठी घराण्यातल्या इतक्या मोठ्या घटनेची मराठीत कादंबरी व्हायला हवी होती, नाटक तर व्हायलाच हवं होतं. १८९९ च्या 'शारदा'मध्ये हरिपूरच्या देवलांनी भिक्षुकाच्या मुलीचं दुःख मांडलं. शारदा नदीवर जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो. १९१६ च्या रुक्मिणीला कृष्ण येऊन घेऊन जातो. या दोन नाटकांच्या मधोमध, १९११ साली, एका खऱ्या मुलीनं नदीही गाठली नाही आणि रथाचीही वाट पाहिली नाही. टाक घेतला आणि नकार लिहून टाकला. आपल्या रंगभूमीनं तिच्याकडे पाहिलं नाही. स्वतःचा निर्णय स्वतः निस्तरणारी नायिका रंगवायला आपण तेव्हा तयार नव्हतो.

मंडळी, राजकन्या आता उरल्या नाहीत असं आपण म्हणतो. पण प्रत्येक घरात 'आमची राजकुमारी' म्हणून वाढवलेली मुलगी आहे. तिला सायकल आहे, क्लास आहेत, पुण्या-मुंबईच्या कॉलेजचं शिक्षण आहे. बाप अभिमानानं सांगतो, मुलगा-मुलगी भेद केला नाही. तो खोटं बोलत नाही. सयाजीरावही खोटं बोलत नव्हते. मग एक दिवस स्थळ येतं, तोलामोलाचं, एकवीस तोफांचं. आणि मुलगी म्हणते, नको. त्या क्षणी बापाला वाटतं, शिकवून चूक केली. आमचं म्हणणं उलट आहे. त्याच क्षणी त्याचं शिकवणं पूर्ण झालेलं असतं. ज्या शिक्षणानं मुलीला फक्त आपल्या मनासारखा होकार देता येतो, ते चांदीच्या सायकलीवरचं शिक्षण.

तेव्हा राजकन्येला बालपण असतं का? असतं. पण ते तिच्या हातात येतं ते पहिल्या नकारानंतर. त्याआधी ते घराण्याचं असतं. व्हिक्टोरियानं पलंग हलवला, इंदिराराजेंनी पत्र टाकलं. आपल्या घरातली मुलगी कसा नकार देईल, हे आपल्याला ठाऊक नाही. तो आला तर निदान ग्वाल्हेरची तार येईपर्यंत वाट बघू नये. आधी तिलाच विचारावं, आणि ती काय म्हणते ते ऐकून घ्यावं.